शाळेतला ओला-सुका कचरा पुन्हा एकत्र होतो, तेव्हा सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: आमची माध्यमिक शाळा चोपडा तालुक्यात आहे. पाचवी ते दहावी, सुमारे ९०० विद्यार्थी. गेल्या वर्षी प्रत्येक मजल्यावर एक हिरवा आणि एक निळा डबा ठेवला. पोस्टर स्पर्धा घेतली, घोषवाक्यं झाली, परिपाठात शपथ घेतली. पहिले काही आठवडे बरं चाललं. आता दोन्ही डब्यांत सारखाच कचरा दिसतो. केळीची सालं, वेफर्सची पाकिटं, खिचडी, वहीचे कागद, सगळं एकत्र. मुलांना कळतं, पण ती करत नाहीत. त्यांना प्रोत्साहन कसं द्यावं? बक्षिसं ठेवावीत का?

उत्तर:

मॅडम, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, कॉलेजं आणि वसतिगृहांमध्ये कचरा वेगळा करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ‘मुलांना कळतं, पण ती करत नाहीत’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक शिक्षक-खोलीत ऐकायला मिळतं. माझं मत थोडं निराळं आहे. मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा एक गोष्ट जास्तच कळलेली असते: आपण वेगळा केलेला कचरा पुढे वेगळा राहत नाही. हे एकदा त्यांच्या लक्षात आलं की कोणतीही शपथ टिकत नाही, आणि ती टिकावी अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. म्हणून प्रोत्साहनाचा विचार करण्याआधी एक दिवस शाळा सुटल्यावर थांबा आणि त्या दोन डब्यांचं काय होतं ते स्वतः बघा.

बहुतेक ठिकाणी एकच चित्र असतं. शिपाईमामा दोन्ही डबे एकाच पोत्यात रिकामे करतात, पोतं कुंपणाच्या कोपऱ्यात ओततात, वर कडुनिंबाचा पालापाचोळा ढकलतात आणि काडी लावतात. जिथे घंटागाडी येते तिथे गाडीला दोन कप्पे असले तरी घाईगर्दीत सगळं एकाच कप्प्यात जातं. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या मुलाने मला सांगितलं होतं, “सर, आम्ही येगयेगळं करतस, आन त्या समदं एकच गाडीमा टाकी देतस.” त्या शाळेने मग नवी पोस्टरं छापण्याचा बेत बाजूला ठेवला आणि आधी गाडीवाल्याशी बोलणी केली. सुका कचरा गाडीत द्यायचाच नाही, तो शाळेतच साठवायचा असं ठरलं. मुलांचं वागणं त्यानंतर बदलायला लागलं.

तुमच्याकडेही पहिलं काम तो जाळण्याचा कोपरा बंद करण्याचं आहे, असला तर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरायला लावण्याचा आदेश दिला. मुख्याध्यापकांशी बोलताना हे आकडे उपयोगी पडतील. मी स्वतः मात्र धुराबद्दल जास्त बोलतो. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात, आणि तो धूर सगळ्यात आधी काडी लावणाऱ्या मामांच्या छातीत जातो, मग खिडकीतून वर्गात येतो. मामांना दोष देऊ नका. दुसरी व्यवस्था कोणी लावून दिलेली नाही म्हणून ते जाळतात. या कामाच्या पहिल्या बैठकीला मामा आणि सफाईच्या मावशी हजर हव्यात, आणि चहा देण्यासाठी नव्हे, तर बोलण्यासाठी. कोणत्या वर्गातून काय निघतं, कोणत्या दिवशी जास्त निघतं, हे शाळेत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

दुसरं काम, कचरा घेणारा आधी ठरवा आणि डबा नंतर ठेवा. आपण सगळे उलट करतो. डबे विकत आणणं सोपं असतं, फोटोही छान येतो, पण डब्यातला माल कोण उचलणार हे ठरलेलं नसतं.

इथे खानदेशात असण्याचा आपल्याला मोठा फायदा आहे. तुमच्या शाळेतली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची असतील. त्यांना विचारा, ठिबकच्या जुन्या नळ्या घरी कुठे टाकतात? उकिरड्यावर टाकतो असं क्वचितच कोणी म्हणेल. नळ्या गुंडाळून गोठ्याच्या मागे ठेवतात आणि भंगारवाला आला की वजनावर देतात. ज्या वस्तूला घेणारा आहे ती वस्तू आपोआप वेगळी राहते, हे ही मुलं घरी रोज बघतात. त्यासाठी त्यांना कधी कोणी घोषवाक्य लिहायला लावलेलं नाही. आपल्याला शाळेत एवढंच करायचं आहे की कागद, पुठ्ठा, बाटली, झाकण यांनाही असाच ओळखीचा घेणारा मिळाला पाहिजे.

तो घेणारा म्हणजे तुमच्या गावचा भंगारवाला. त्याला शाळेत बोलवा. सभागृहात हार घालून भाषण करायला लावू नका. व्हरांड्यात ताडपत्री अंथरा, दोन दिवसांचा कचरा त्यावर पसरा आणि सातवी-आठवीच्या मुलांसमोर त्याला विचारा, ‘यातलं तू काय घेशील आणि काय घेणार नाहीस?’ हा एक तास मी पाहिलेल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून जातो. तो पुठ्ठा एका बाजूला काढेल, वहीचा पांढरा कागद दुसऱ्या बाजूला, छापील रद्दी तिसऱ्या. ओला पुठ्ठा उचलून म्हणेल, याचं वजन पाण्याचं आहे. भजी बांधून आलेला तेलकट कागद फेकून देईल, कारण तेल लागलेल्या कागदाचा चांगला लगदा होत नाही. स्पायरल वहीची तार काढून मागेल. थर्मोकोलला हात लावणार नाही, कारण पोतंभर थर्मोकोलचं वजनच भरत नाही आणि नेण्याचं भाडंही सुटत नाही. अर्धी पाणी भरलेली बाटली आधी ओतून घेईल. मुलं हे सगळं लक्ष देऊन बघतात, कारण हा माणूस त्यांना उपदेश करत नसतो. त्याचं पोट ज्यावर चालतं ते काम तो दाखवत असतो. आणि ज्या माणसाला आपण एरवी फाटकाबाहेर उभं करतो, तो त्या तासाला शिक्षक होतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच्यापुढची कडीही दाखवता आली तर जरूर दाखवा. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत आणि जुन्या प्लास्टिकपासून दाणा, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल, बनवण्याचा धंदा त्यांच्या आधाराने चालतो. प्लास्टिक निवडायचं, धुवायचं, तुकडे करायचे, वितळवून त्याच्या दोऱ्या काढायच्या आणि त्या कापून दाणा करायचा. तुमच्या शाळेत पाचवीची मुलं कदाचित त्याच चटईवर बसून खिचडी खात असतील. सहल अजिंठ्याला जाणार असेल तर वाटेत जळगावला एका दाणा कारखान्याची परवानगी काढा. यंत्राजवळ मुलांना नेऊ नका, निवडणीची जागा आणि तयार दाणा दाखवला तरी पुरे.

विज्ञानाच्या सरांना यात एक चांगला प्रयोग मिळतो. पाण्याच्या बाटलीचे कात्रीने छोटे तुकडे करा, झाकणाचेही करा आणि दोन्ही पाण्याच्या बादलीत टाका. बाटलीचे तुकडे बुडतात, झाकणाचे तरंगतात. बाटली पीईटीची असते, तिची घनता पाण्यापेक्षा जास्त, पाण्याची १ धरली तर सुमारे १.३८. झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचं, पाण्यापेक्षा हलकं. कारखान्यातल्या धुण्याच्या हौदात हे दोन प्लास्टिक याच गुणावर वेगळे करतात. मग मुलांना पुढचा प्रश्न विचारा: पीईटीमध्ये पीव्हीसीचे तुकडे मिसळले तर? दोन्ही बुडतात, म्हणजे पाणी त्यांना वेगळं करू शकत नाही. पीईटी वितळायला २५० अंशांच्या वर तापमान लागतं आणि त्याच्या बऱ्याच आधी पीव्हीसी फुटून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडायला लागतं. तयार मालावर डाग पडतात, यंत्र गंजतं. एक चुकीचा तुकडा चांगल्या मालाचं काय करतो हे नववीच्या मुलाला इथे रसायनशास्त्रातून समजतं. आपल्या भागात पीव्हीसी पाइपांचा धंदा इतका मोठा आहे की ‘पीव्हीसी म्हणजे काय’ हे समजावण्यात वेळही जात नाही. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ मधला आकडा वाचायला त्याच तासाला शिकवून टाका: १ म्हणजे पीईटी, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.

आता ज्याला घेणारा नाही त्याबद्दल. पाच-दहा रुपयांची वेफर्सची पाकिटं तुमच्या डब्यात सगळ्यात जास्त दिसत असतील. त्यांत प्लास्टिकचे एकापेक्षा जास्त थर असतात, त्यातल्या एकावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. मुलांना हे खरं खरं सांगा. ‘सुक्या कचऱ्यात टाकलं म्हणजे त्याचं नवीन काहीतरी होतं’ असं सांगितलं आणि नंतर त्यांना खरं समजलं, तर बाकीच्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो. ही पाकिटं कोरडी करून एका वेगळ्या पोत्यात साठवायची आणि नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्यायची. पुढे सोय असेल तिथे ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्याहून चांगला रस्ता म्हणजे ती शाळेत कमी येतील असं बघणं. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्या मावशींशी बोलून फुटाणे, शेंगदाणे, बोरं, पेरू असं सुटं विकायला सुचवता येतं, आणि कागदाच्या पुडीत ते द्यायला त्यांचीही हरकत नसते. पाकिटं कोंबून बाटलीच्या ‘विटा’ बनवण्याचा प्रकल्प बऱ्याच शाळा करतात. मी तो सुचवत नाही. ज्या बाटलीला घेणारा होता तीच त्यात कायमची अडकते.

उन्हाळ्यात बर्फाच्या ‘पेप्सी’च्या प्लास्टिक नळ्या येतील, दर आठवड्याच्या लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं येतील, शिक्षक-खोलीतून कागदी कप येतील. गोळ्यांच्या पाकिटात एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिक असतं, म्हणून तीही त्या वेगळ्या पोत्यात. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तो रद्दीत चालत नाही. हे कप मुलं वापरत नाहीत, आपण शिक्षक वापरतो. स्टीलचे पेले आणा. मुलांच्या नजरेतून हा बदल सुटत नाही. चहाच्या दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर विकल्या जातात, फक्त पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा सुटा झाला की तो कोणीच गोळा करत नाही.

ओल्या कचऱ्याचा घेणारा बाहेर शोधावा लागत नाही, तो शाळेच्या मैदानातच असतो. पण खत करायला सुरुवात करून सोडून दिलेले खड्डे मी इतके पाहिले आहेत की थोडं सविस्तर सांगतो. पोषण आहारातली उरलेली खिचडी एकटी खड्ड्यात गेली की दोन दिवसांत वास सुटतो, माश्या येतात, मग उंदीर येतात, आणि पालक तक्रार करतात. शिजवलेल्या अन्नात नायट्रोजन जास्त आणि हवा खेळायला जागा कमी. त्यावर प्रत्येक वेळी कोरड्या पानांचा जाड थर हवा. कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण ढोबळमानाने ३० ला १ असलं की ढीग नीट कुजतो. रोज मोजायची गरज नाही. एक घमेलं खिचडी आणि सालं असतील तर दोन-तीन घमेली वाळका पाला, एवढं मुलांना पुरतं. म्हणूनच जो पाला मामा जाळत होते तो आता सोन्यासारखा जपायचा, पोत्यांत भरून ठेवायचा. केळीची सालं तोडून टाका, अखंड सालं चिवट राहतात. सुरुवातीला शेणाचा काला शिंपडला तर ढीग लवकर तापतो. ढीग मुठीत धरून दाबला की ओल जाणवावी पण पाणी ठिबकू नये.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाची आहे. एप्रिलपासून ४२-४५ अंशांत उघडा ढीग वाळून जातो, कुजायचा थांबतो, आणि मे महिन्यात तर शाळेत पाणी शिंपडायला कोणीच नसतं. त्यामुळे खड्डा झाडाच्या सावलीत घ्या, वर गोणपाट टाका आणि सुरुवात पाऊस पडल्यावर करा. जुलैत भरायला घेतलेला ढीग वेळोवेळी खालीवर केला तर दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास चाळता येतो. चाळलेलं खत मुलांच्या हातात द्या. उकिरडा ज्यांच्या घरी आहे ती मुलं लगेच फरक ओळखतात. आता बऱ्याच उकिरड्यांतून शेणखताबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही कपाशीच्या वावरात जातात, आणि नांगरटीला त्या वर येतात. शाळेच्या खतात तसं काही नसतं. हे मी मुलांना सांगत नाही, त्यांनाच चाळायला लावतो.

डब्यांबद्दल थोडक्यात. एकटा डबा कुठेही ठेवू नका, कारण एकटा डबा नेहमी मिश्र कचऱ्याचाच होतो. वर्गातले सुटे डबे काढून व्हरांड्यात, नळाजवळ आणि खिचडी वाटतात तिथे डब्यांच्या जोड्या ठेवा. झाकणाला भोक पाडा: बाटलीसाठी गोल, कागदासाठी लांबट फट. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या अशा खास झाकणांमुळे बाटल्या-कॅन योग्य डब्यात जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं होतं. गावातला पत्र्याचं काम करणारा हे भोक थोड्या वेळात पाडून देतो. डब्यावर ‘सुका कचरा’ असं लिहिण्यापेक्षा खरी वस्तूच चिकटवा, म्हणजे चपटी केलेली बाटली, वहीचं पान, केळीचं साल चितारलेला कागद. पाचवीच्या नव्या मुलाला ‘सुका’ या शब्दावरून पेन्सिलीचा कीस कुठे टाकायचा ते समजत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, प्रोत्साहन आणि बक्षीस.

बक्षिसाबद्दल मी सावध आहे. एका शाळेने ‘सर्वांत जास्त बाटल्या आणणारा वर्ग’ अशी स्पर्धा लावली, तेव्हा मुलं घरून, लग्नाच्या मांडवातून, एसटी स्टँडवरून बाटल्या आणायला लागली. काहींनी तर थंड पेयाच्या नव्या बाटल्या विकत घेतल्या. स्पर्धा संपली त्या आठवड्यात डबे पुन्हा पहिल्यासारखे झाले. माणसाच्या मनाचा हा नियम जुना आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या एका बालवाडीत, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशा काही मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र द्यायचं आधी कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळेत हीच मुलं आपणहून चित्रं काढायला कमी बसायला लागली. बक्षीस द्यायचंच असेल तर आधी जाहीर न करता द्या, आणि किती गोळा केलं यावर देऊ नका. भंगारवाल्याने किती कमी माल परत केला, हे बघून द्या.

दुसरा एक प्रयोग तर मला प्रत्येक शिक्षकाला सांगावासा वाटतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेला, शिकागोच्या शाळांमधल्या पाचवीच्या वर्गांवर केलेला. एका वर्गाला काही दिवस स्वच्छतेचं महत्त्व पटवून दिलं: कचरा टाकू नये, नीटनेटकं राहावं. दुसऱ्या वर्गाला कसलाच उपदेश केला नाही, फक्त निमित्तानिमित्ताने म्हणत राहिले की हा वर्ग नीटनेटका आहे, इथली मुलं कागद उचलतात. नंतर गोळ्यांचे कागद कुठे जातात ते मोजलं, तर ते कचरापेटीत टाकण्यात हा दुसरा वर्ग पुढे होता, आणि उपदेशाचा परिणाम ओसरला तरी त्यांची सवय टिकली. आपल्या परिपाठात आपण बरोबर उलटं करतो. रोज सकाळी ९०० मुलांना सांगतो की तुम्ही कचरा नीट टाकत नाही. मुलं ते ऐकतात आणि तसंच वागतात. खोटी स्तुती करा असं मी म्हणत नाही. ज्या वर्गाच्या डब्यात खरंच चांगला माल निघाला, त्याचं नाव घेऊन नेमकं काय चांगलं झालं ते सांगा: ‘आठवी ब च्या डब्यातला कागद या आठवड्यात पूर्ण कोरडा होता, भंगारवाल्या चाचांनी काहीच परत केलं नाही.’ एवढंच. दुसऱ्या वर्गाचं नाव घेऊन कमीपणा आणू नका.

यासाठी मोजमाप हवं, आणि ते मुलांनीच करावं. महिन्यातून एकदा ताडपत्रीवर एका दिवसाचा कचरा, हातमोजे घालून, शिक्षक समोर असताना. काच, ब्लेड, सुया, औषधं, पॅड हे आधी मोठ्यांनी बाजूला काढायचं. मग प्रत्येक ढीग स्प्रिंगच्या काट्यावर तोलायचा आणि फळ्यावर लिहायचा. गणिताच्या मॅडम त्याचे स्तंभालेख काढून घेतात, दहावीच्या मुलांना शेकडेवारीचा सराव होतो. विक्रीचे पैसे आले की ते किती आले हे त्याच फळ्यावर लिहा, आणि खर्च कशावर करायचा हे विद्यार्थ्यांच्या बैठकीत ठरू द्या. रक्कम मोठी नसते. कागदाचा भाव कधी वर जातो, कधी पडतो. पण हिशेब उघड असला की मुलं त्या कामाला आपलं म्हणतात, आणि हिशेब कार्यालयाच्या कपाटात गेला की ती पुन्हा तटस्थ होतात.

एक गोष्ट मी अट म्हणूनच सांगतो. कचरा निवडण्याचं काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून डबे उचलायला लावलं की सगळ्या वर्गाच्या मनात ते काम हलकं ठरतं, आणि ते पुसायला वर्षं लागतात. पाळी हजेरीपटाप्रमाणे लावा, प्रत्येकाची, मुलगा असो की मुलगी, सरपंचाचा असो की मजुराचा. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण नुसतं ‘स्वयंसेवक पुढे या’ म्हटलं की झाडू आपोआप मुलींच्या किंवा ठरावीक घरांतल्या मुलांच्या हातात जातो. आपल्या समाजात सफाईचं काम जातीला चिकटवलेलं आहे, आणि शाळेने नकळतही त्याची री ओढता कामा नये. यादीत पहिला आठवडा शिक्षकांचा ठेवा, मुख्याध्यापकांसकट.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून येऊन वसतिगृहात राहणारी मुलं तुमच्याकडे असतील तर त्यांना बोलतं करा. नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत मला जाणवलं की त्यांच्या घरी फेकण्यासारखं फार थोडं असतं. डबा, बाटली, दोरी, गोणी, सगळ्याला पुढचं काम ठरलेलं असतं. अशा मुलाने वर्गासमोर त्याच्या घरी रिकाम्या तेलाच्या डब्याचं काय काय होतं ते सांगितलं, की शहराकडे तोंड करून बसलेल्या आपल्या मुलांना वेगळाच विचार करायला मिळतो.

पालकांना यात आणायला हिवाळ्यातली भरीत पार्टी हे उत्तम निमित्त आहे. नववी-दहावीचा वर्ग शेतात जातोच. केळीच्या पानावर वाढलं, पाणी तांब्या-पेल्यात ठेवलं आणि चंदेरी मुलाम्याच्या पत्रावळी आणल्या नाहीत, तर पार्टी संपल्यावर निवडायला जवळजवळ काहीच उरत नाही. वांग्याची सालं, मिरचीचे देठ, पानं, सगळं तिथेच बांधावर. मुलं हे घरी जाऊन सांगतात.

वेळापत्रक असं धरा. आत्ता भंगारवाल्याशी आणि नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गाडीवाल्याशी बोलणी, कोणत्या दिवशी कोण येणार ते लिहून. सुका माल ठेवायला एक कोरडी, कुलपाची, पावसाचं पाणी न येणारी जागा. जिन्याखालची चालते, पण तिथे विजेचा बोर्ड नसावा. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ताडपत्रीचा तास. सुरुवात सगळ्या शाळेत एकदम करू नका. एक मजला घ्या, तो महिनाभर नीट चालू द्या, मग त्याच मजल्यावरची मुलं दुसऱ्या मजल्यावर शिकवायला पाठवा. मोठ्या मुलाने सांगितलेलं लहान मुलं आपल्यापेक्षा जास्त ऐकतात. प्रयोगशाळेतली फुटकी काच, संगणक कक्षातल्या बॅटऱ्या आणि जुने ट्यूबलाइट हे मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. ट्यूब आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. त्यांची वेगळी पेटी शिक्षकांच्या ताब्यात राहू द्या.

राहिला मुलींच्या स्वच्छतागृहातला प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण तुमच्याकडेही असणारच. तिथे झाकणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले तुकडे ठेवलेले नसले, तर पॅड सुक्या डब्यात येतं किंवा संडासात जाऊन नळी तुंबते, आणि ते हाताने काढण्याची वेळ मावशींवर येते. कागदात गुंडाळून वर लाल पेनाने ठिपका काढला की उचलणाऱ्याला आत काय आहे ते न उघडता समजतं. हे मुलींना एखाद्या मॅडमनेच, वर्गात, मोकळेपणी सांगावं, आणि मुलांनाही विज्ञानाच्या तासाला सांगावं. बाकी सगळ्याला जूनपर्यंत वेळ आहे. हा डबा, कागद आणि मावशींसाठी जाड हातमोजे मात्र या आठवड्यातच आणा.